हकलबेरी फिन घेताना आधी कुठलं पान उघडायचं

मार्क ट्वेनचं ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’ सोलापुरात मागितलं की तीनपैकी एक वस्तू हातात पडते. शाळेतल्या मुलांसाठी छापलेली, मोठ्या टायपातली सव्वाशे पानांची आवृत्ती, ‘टॉम सॉयर’सोबत एकाच जाड बाडात बांधलेली स्वस्त पेपरबॅक, नाहीतर ऑनलाइन मागवल्यावर मागणीनुसार एकेक प्रत छापून येणारी. कथा थोडक्यात अशी: दारुड्या बापापासून पळालेला हक आणि मालकिणीकडून पळालेला गुलाम जिम मिसिसिपी नदीवरून तराफ्याने निघतात. मुखपृष्ठं सारखीच: नदी, तराफा, फाटकी टोपी घातलेला पोरगा. आतला मजकूर मात्र सारखा नसतो. फरक पडतो तो नेमका गुलामगिरीची आणि वर्णद्वेषाची सालं काढणाऱ्या जागांवर.

याचं कारण सोपं आहे. पुस्तक आखडणारा माणूस प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो: ही काढली तर गोष्ट अडते का? उपहासाची ओळ काढल्याने गोष्ट कधीच अडत नाही. बाप दारू पिऊन बडबडला काय नि न बडबडला काय, हक तर पळणारच आहे. मग बडबड उडते, पळणं राहतं, आणि वाचकाच्या हाती एक छान नदीकाठची साहसकथा येते. तिच्यात जिम नावाचा एक भोळा काळा नोकर असतो. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच पाच-सहा जागा उघडून बघाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे.

सुरुवात जाडीपासून. मूळ पुस्तकात ४३ प्रकरणं आणि साधारण १ लाख १० हजार शब्द आहेत. पेपरबॅकच्या पानावर ३५० शब्द बसतात असं धरलं तर तीनशेच्या वर पानं व्हायलाच हवीत. दोनशेच्या आतलं पुस्तक पूर्ण असेल तर टाइप मुंगीएवढा असणार. मलपृष्ठावरच्या ‘अनअब्रिज्ड’ (म्हणजे न आखडलेली) शब्दावर विसंबू नका, शेवटच्या प्रकरणाचा आकडा बघा. काही आवृत्त्या त्या प्रकरणाला आकडा न देता ‘चॅप्टर द लास्ट’ म्हणतात. त्यामुळे अनुक्रमणिका ४२ वर थांबलेली दिसली तरी दचकू नका, पुढे एक छोटं प्रकरण आहे ना तेवढं पाहा.

मग पहिलं पान. कथा सुरू होण्याआधी एक ‘नोटीस’ असते: या कथेत हेतू शोधणाऱ्यावर खटला भरण्यात येईल, बोध शोधणाऱ्यास हद्दपार करण्यात येईल, कथानक शोधणाऱ्यास गोळी घालण्यात येईल. लेखकाच्या हुकमावरून, दारूगोळा खात्याच्या प्रमुखाच्या सहीने. पुष्कळ स्वस्त आवृत्त्या हे पान गाळतात, कारण त्यांना ते फालतू वाटतं. खरं तर पुस्तक कसं वाचायचं याचा पहिला धडा तिथेच आहे: आवाज सरकारी, अर्थ उलटा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त परशुरामाला मुदत घालून हजर व्हायला फर्मावलं, त्याची इथे आठवण होते. ट्वेनचं पुस्तक त्यानंतर अकरा वर्षांनी, डिसेंबर १८८४ मध्ये आधी इंग्लंडात आणि कॅनडात निघालं. अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. तरी कचेरीची भाषा उचलायची आणि तिच्याच तोंडावर आपटायची, ही हातोटी एकच. १९३० चा मार्शल लॉ पाहिलेल्या गावाला हुकमाच्या भाषेची चव वेगळी समजावून सांगायला नको.

नोटिशीच्या शेजारीच बोलींबद्दलचा एक परिच्छेद असतो. मिसूरीकडच्या काळ्या लोकांची बोली, पाइक काउंटीची बोली, तिचे चार पोटप्रकार वगैरे. लेखक म्हणतो, हे सांगून ठेवलं नाही तर सगळी पात्रं एकसारखं बोलायचा प्रयत्न करून फसलीत असं वाचकाला वाटेल. हा परिच्छेद गाळलेला असेल तर आतली भाषाही ‘सुधारून’ घेतली असण्याची दाट शक्यता. तसलं पुस्तक खाली ठेवा.

आता सहावं प्रकरण. हकचा बाप पॅप, पट्टीचा दारुडा, सरकारला शिव्या घालत बसलाय. राग कशाचा? ओहायोतून आलेला एक मुक्त, मिश्रवर्णी माणूस त्याने पाहिला. पांढराशुभ्र शर्ट, चकचकीत टोपी, सोन्याचं घड्याळ, चांदीच्या मुठीची काठी. कॉलेजात प्रोफेसर, अनेक भाषा बोलणारा. आणि त्याच्या गावी त्याला मताचा हक्क! पॅप म्हणतो, त्या दिवशी मतदान होतं, मीही जाणार होतो, पिऊन अगदीच पडलो नसतो तर. पण अशा माणसाला मत देऊ देणारं राज्य या देशात आहे कळलं, आता मी कधीच मत देणार नाही. वर सरकारवर आणखी एक तक्रार: हा माणूस राज्यात सहा महिने राहिल्याशिवाय त्याला पकडून विकता येत नाही म्हणे, हे कसलं सरकार! एवढं बोलून तो खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पिंपावर धडपडतो आणि दोन्ही नडग्या सोलून घेतो.

आखडलेल्या आवृत्तीत धडपड राहते आणि भाषण जातं. मुलांना धडपड आवडते ना! पण लेखकाने धडपड भाषणाच्या शेपटीला बांधली आहे. वर्णश्रेष्ठत्वाचा अख्खा सिद्धांत एका अशा माणसाच्या तोंडी दिलाय ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, आणि लेखक स्वतः एक शब्दही टीका करत नाही. भाषण नसेल तर पॅप नुसता विनोदी बेवडा उरतो.

सोळाव्या प्रकरणाला जास्त वेळ द्या, कारण इथली काटछाट चटकन दिसत नाही. तराफा मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्याच्या जवळ येतोय असं दोघांना वाटतंय. जिम सांगतो, पैसे साठवून आधी बायकोला सोडवीन, मग दोघं मिळून दोन पोरांना विकत घेऊ, आणि मालक विकत नसेल तर कुणाकडून तरी चोरून आणवू. हे ऐकून हकच्या अंगावर काटा येतो. हा माणूस स्वतःची पोरं चोरणार! ज्याची ती पोरं, तो मालक तर आपल्या ओळखीचाही नाही, त्याने आपलं काही वाकडं केलं नाही! हे हक अगदी मनापासून म्हणतो. चोरी, मालमत्ता, सज्जनपणा या शब्दांचे त्याच्या समाजाने लावलेले अर्थ त्याने जसेच्या तसे उचललेत, आणि ते ‘स्वतःची मुलं’ या शब्दाशेजारी ठेवल्याबरोबर सगळी इमारत हास्यास्पद होते. ‘जिमला आपल्या मुलांची आठवण आली’ एवढ्यावर जी आवृत्ती हा परिच्छेद उरकते, तिने करुणा ठेवून उपहास फेकून दिला. वाईट सौदा. करुणा दुसऱ्या शंभर पुस्तकांत मिळते.

त्याच प्रकरणात गुलाम पकडणारे दोघे येतात. तराफ्यावर देवीचा रोगी आहे असा त्यांचा समज हक करून देतो. ते जवळ येत नाहीत, लांबूनच फळीवर वीस-वीस डॉलरचं सोन्याचं एकेक नाणं ठेवून सटकतात. हे ४० डॉलर लक्षात ठेवा, कारण आकड्यांवर ट्वेनची नजर बारीक आहे. जिमची मालकीण मिस वॉटसन त्याला न्यू ऑर्लिन्सकडच्या व्यापाऱ्याला ८०० डॉलरला विकायला निघते, म्हणून तो पळतो. पुढे ‘राजा’ नावाचा ठग जिमवरचा आपला हक्क ४० डॉलरला विकून मोकळा होतो. शेवटच्या प्रकरणात हकचा मित्र टॉम सॉयर जिमला, धीराने कैदी झाल्याबद्दल, तेवढेच ४० डॉलर देतो आणि जिम खूश होतो. माणूस पकडणाऱ्यांची दया, माणूस विकणाऱ्याची किंमत, माणसाशी खेळणाऱ्याची बक्षिसी, तिन्हींचा भाव एकच. संक्षिप्त आवृत्तीत यातला एखादा आकडा हमखास गळालेला असतो.

(सोळाव्यातच एक लांब ‘तराफ्याचा उतारा’ घालायचा की नाही यावर संपादकांत मतभेद आहेत. ट्वेनने तो आधी ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ या १८८३ च्या पुस्तकात वापरला आणि मग इथून काढू दिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवृत्तीने तो परत घातलाय. बोलीभाषेच्या शौकिनांना मेजवानी आहे, पण वर्णद्वेषाच्या विषयाशी त्याचा फारसा संबंध नाही. तो नसला म्हणून आवृत्ती टाकून देऊ नये.)

एकतिसाव्यात हक जिमचा पत्ता कळवणारं पत्र मालकिणीला लिहितो आणि मग फाडतो: ठीक आहे, जाईन नरकात. ही ओळ सगळेच ठेवतात, कारण ती प्रसिद्ध आहे. आधीची दीड-दोन पानं ठेवलीत का ते बघा. त्यांत हक प्रार्थनेला बसतो, पत्र लिहून झाल्यावर पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला हलकं वाटतं. चांगलं काम करताना आपण पाप करतोय याची त्याला पक्की खात्री आहे. ती खात्री कुणी दिली? हकला सांभाळणाऱ्या विधवा डग्लसबाईंनी, चर्चने, सभ्य माणसांनी. ही पानं नसतील तर हक शूर मुलगा होतो आणि समाज निर्दोष सुटतो.

बत्तिसाव्यातली जागा चार ओळींची आहे. जिमला कोंडून ठेवलंय त्या फेल्प्सांच्या शेतावर हक येतो आणि उशीर का झाला याची थाप मारतो: बोटीचं सिलिंडर फुटलं. घरची बाई सॅलीमावशी विचारते, कुणाला लागलं का? तो म्हणतो, नाही, एक काळा मेला. त्यावर ही प्रेमळ, देवभोळी बाई सुटकेचा श्वास सोडते: नशीब म्हणायचं, कधी कधी माणसांना लागतं. पुढे ती दुसऱ्या एका अपघाताची हकिकत घरगुती गप्पांसारखी सांगत राहते. इथे खलनायक कुणीच नाही, आवाजही कुणी चढवत नाही. पुस्तकातली सर्वांत भयंकर जागा हीच, असं आमचं मत आहे, आणि मुलांच्या आवृत्त्यांत ती जवळपास कधीच नसते. वेळच नसेल तर एवढं एकच पान उघडून निर्णय घेतला तरी चालेल.

आणखी एक जागा बेचाळिसाव्यात. जिमने स्वतःचं स्वातंत्र्य पणाला लावून जखमी टॉमची शुश्रूषा केली, अशी साक्ष डॉक्टर सगळ्यांसमोर देतो. लोक हेलावतात आणि एकमताने ठरवतात की यापुढे त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. हकला वाटतं, आता निदान एखाद-दुसरी साखळी तरी काढतील. कुणाच्या ते डोक्यातही येत नाही. कृतज्ञतेचा ठराव मंजूर, बेड्या जिथल्या तिथे.

आता त्या शब्दाबद्दल. मूळ पुस्तकात काळ्या माणसासाठीची ‘एन’ने सुरू होणारी शिवी दोनशेहून जास्त वेळा येते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या न्यूसाउथ बुक्सने ॲलन ग्रिबेन या ट्वेन-अभ्यासकाच्या संपादनाखाली एक आवृत्ती काढली, तिच्यात या शब्दाच्या जागी ‘स्लेव्ह’ घातलं. हेतू वाईट नव्हता. वर्गात पुस्तक शिकवता यावं म्हणून केलेली ही तडजोड होती. पण अर्थ कुठे मोडतो ते पाहा. पॅपचा प्रोफेसर गुलाम नाहीच, तो मुक्त आहे आणि पॅपला तेच खुपतंय. त्याला ‘गुलाम’ म्हटलं की वाक्याचा कणाच जातो. सॅलीमावशीला ‘एक गुलाम मेला’ सांगितलं तर कुणाचं तरी नुकसान झालं एवढाच अर्थ निघतो. मेलेला माणसांत मोजतच नाहीत ही गोष्ट झाकली जाते. शिवाय पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा, १८७६ ते १८८३ या काळात, गुलामगिरी कायद्याने संपून दहा वर्षं उलटली होती. कथा पुस्तकाच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीची. म्हणजे ट्वेनचा रोख रद्द झालेल्या कायद्यावर नाही, कायदा गेला तरी जिभेवर राहिलेल्या शब्दावर आहे. ‘गुलाम’ हे कायद्याचं नाव, ती शिवी समाजाची. अदलाबदल केली की नेम चुकतो.

मराठीत आणताना अडचण उलट्या बाजूने येते. ‘निग्रो’ हा शब्द मराठीत बोथट आहे, भूगोलाच्या पुस्तकातला वाटतो. ‘हबशी’ घ्यावा तर त्याला वेगळाच इतिहास चिकटलाय. सोलापूरचा भुईकोट किल्ला सतराव्या शतकात आदिलशाहीकडून जिंकून घेणारा मलिक अंबर हा लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरची ती तटबंदी पाहत वाढलेल्या माणसाला ‘हबशी’ शब्दात तलवार ऐकू येते, तुच्छता नाही. आणि तुच्छता पोचवणारे जे शब्द आपल्याकडे तयार आहेत ते जातींचे आहेत. ते वापरले तर मिसिसिपी सुटते आणि भीमा लागते. आमच्या मते अनुवादकाने ‘काळा’ किंवा ‘काळ्या’ यावर थांबावं आणि विष स्वरातून पोचवावं. सॅलीमावशीचा संवाद सोलापुरी वळणाने असा बसतो: “कुणाला लागलं-बिगलं का रे?” “न्हाई. एक काळा मेला.” “सुटलो बाई! कधी कधी माणसांना लागतंय की.” त्या शेवटच्या ‘की’मध्ये जो बेफिकीर घरगुतीपणा आहे तो पुस्तकी मराठीत येत नाही. हक हा ‘काय करलालास बे’ म्हणणारा पोरगा आहे, त्याला ‘तू काय करत आहेस’ शिकवलं की तो मेला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एका गल्लीत ऐकणाऱ्यांना बोलीभेदाचं हे राजकारण समजायला जड जात नाही.

चित्रांबद्दल थोडं. पहिल्या आवृत्तीतली चित्रं ई. डब्ल्यू. केंबल यांची, पावणेदोनशेच्या आसपास. चित्रं असलेली प्रत चांगली, असं सरसकट म्हणता येत नाही. केंबलने सगळ्या पात्रांसाठी मॉडेल म्हणून एकच गोरा पोरगा बसवला होता, जिमसाठीसुद्धा. आणि जिमचे ओठ-डोळे गोरे नट तोंडाला काळं फासून करत त्या काळच्या नकलांच्या तमाशातल्यासारखे काढलेत. मजकूर ज्या साच्याची टर उडवतो तोच साचा चित्रं पक्का करतात. अभ्यासासाठी प्रत हवी असेल तर चित्रांसह घ्या, हा विरोध डोळ्यांनी दिसतो. मागणीनुसार छापलेल्या प्रतींत मात्र चित्रं काळपट डागांसारखी येतात, त्यापेक्षा नसलेली बरी. त्या प्रतींत आणखी एक दोष असतो: स्कॅनिंगमधून मजकूर उचलताना लोपचिन्हं (अपॉस्ट्रॉफी) गळतात. बोलीतल्या इंग्रजीत ती चिन्हं म्हणजे अर्धे उच्चार असतात. एक पान मोठ्याने वाचून पाहिलं की कळतं.

बांधणी पाहताना सोलापूरचा उन्हाळा विसरू नये. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि नुसत्या गोंदावर चिकटवलेली पाठ दोन हंगामांत ठिसूळ होते. पुस्तक मधोमध उघडलं की कट्‌ आवाज येतो आणि फॉर्म सुटतो. शिवलेली प्रत मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यावेत. नाही मिळाली तर आतला समास अर्धा इंच तरी आहे ना पाहा, म्हणजे बाइंडरकडून पुढे शिवून घेता येते. टॉम आणि हक एकत्र असलेल्या जोडग्रंथात पाठ जाड आणि समास अरुंद, त्यामुळे हकची शेवटची प्रकरणं आधी निसटतात. वर्ड्सवर्थ प्रकाशनाची असली जोड आवृत्ती मजकुराला पूर्ण आहे, किमतीच्या मानाने वाईट नाही. फक्त उताणी ठेवू नका.

आमची निवड: मजकुराच्या शुद्धतेसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाची मार्क ट्वेन लायब्ररी मालिकेतली प्रत. वाद, परीक्षणं, पार्श्वभूमी सगळं एकत्र हवं असेल तर नॉर्टन क्रिटिकल एडिशन; महाग आहे, गटाने मिळून एक घ्यावी. फुकट हवं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर क्रमांक ७६, फोनवर उघडतं. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मिळाली तर वरच्या जागा तपासून बेधडक घ्या.

गटाने वाचणार असाल तर हिशेब असा. मोठ्याने वाचण्याचा वेग मिनिटाला १५० शब्द धरला तर पूर्ण पुस्तकाला बारा तास आणि वर थोडा वेळ लागतो. दीड-दीड तासाच्या आठ बैठका केल्या तर विभागणी १–७, ८–१३, १४–१८, १९–२३, २४–३०, ३१–३३, ३४–३९, ४०–४३ अशी जमते. पाचव्या बैठकीतली विल्क्स घराण्याची फसवणूक लांबते, तिथे सारांशावर भागवलं तरी चालेल. सहावीत प्रकरणं मुद्दाम कमी ठेवली आहेत, चर्चा तिथेच पेटते. त्या शिवीचा उच्चार करायचा की तिथे थांबून पुढे जायचं, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. नाहीतर प्रत्येक वाचक आपापल्या पद्धतीने अडखळतो आणि लक्ष मजकुरावरून त्याच्या चेहऱ्यावर जातं.

गटात हमखास होणारी चूक म्हणजे हकचं मत लेखकाचं मत समजणं. चौदाव्या-पंधराव्यापर्यंत कुणी तरी म्हणतंच, “हा ट्वेनच वर्णद्वेष्टा दिसतोय.” तेव्हा पंधराव्यातली माफी पुन्हा वाचावी. जिमची क्रूर थट्टा केल्यावर एका काळ्यापुढे नमायला मनाची तयारी व्हायला पंधरा मिनिटं लागली, असं हक सांगतो. त्या पंधरा मिनिटांचा हिशेब कोण कुणाला देतोय, एवढं विचारलं की पुरतं.

पण शंका घेणारा दर वेळी चुकीचाच असतो असं नाही. चौतीसपासून पुढे टॉम सॉयर जिमच्या सुटकेचा पोरखेळ मांडतो: झोपडीत साप, उंदीर, कोळी सोडायचे, कणकेच्या पाईत दोरीची शिडी भाजायची. अडतिसाव्यात तर कैद्याचे लेख कोरायला आणलेला धार लावायचा दगड पोरांना रेटत नाही, म्हणून जिम पलंगाचा पाय उचलून साखळी सोडवतो, बाहेर येऊन दगड आत ढकलायला मदत करतो आणि परत जाऊन कैदेत बसतो! शेवटी कळतं की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली, मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केलं होतं आणि टॉमला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेने १९३५ साली लिहून ठेवलं की जिम चोरीला जातो तिथेच वाचन थांबवावं, पुढची नुसती फसवणूक आहे. काळा अमेरिकन कादंबरीकार राल्फ एलिसनने जिमच्या चेहऱ्यावरचा नकलाकाराचा मुखवटा दाखवून दिला. दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. उलट बाजूने असं म्हणता येतं की १८७७ मध्ये अमेरिकेत उत्तरेने दक्षिणेतलं सैन्य काढून घेतलं आणि कागदावर मुक्त झालेल्या माणसांना पुन्हा जखडायला मोकळं रान मिळालं. मुक्त माणसाला खेळ म्हणून कोंडून ठेवणारा टॉम हे त्याचंच चित्र. आम्हाला हे पटतं, पण अर्धंच. सहा-सात प्रकरणांतली गंमत ट्वेनला स्वतःलाच आवरलेली नाही आणि जिम तिथे बाहुला होतो. शेवट आवडला नाही म्हणून गाळलेल्या आवृत्त्या मात्र घेऊ नयेत. भांडायला तरी तो हातात हवा.

जोडीला काय घ्यावं? एकच घेणार असाल तर ट्वेनचंच ‘पुडनहेड विल्सन’, १८९४ चं. सोळाव्या हिश्श्याने काळी असलेली गुलाम रॉक्सी आपलं गोरं दिसणारं बाळ मालकाच्या बाळाशी बदलते. कोर्टात बोटांचे ठसे सत्य उघड करतात, आणि सत्यातून न्याय काय निघतो? खुनी ठरलेल्या रॉक्सीच्या मुलाला जन्मठेप मिळते, पण तो तर मालमत्ता आहे अशी तक्रार सावकार करतात. म्हणून माफी देऊन त्याला नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेत विकतात. खरा वारस गुलामांची बोली बोलतो, त्याला लिहिता-वाचता येत नाही, आणि दिवाणखान्यात त्याला जागा सापडत नाही. ज्या शहरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव आहे, जिथे गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना काटेरी तारेआड ठेवलं आणि देशभरातून तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं, तिथे या कादंबरीला तळटीपा कमी लागतात.

व्होल्तेअरच्या ‘कांदीद’मधलं, म्हणजे १७५९ मधलं, एकोणिसावं प्रकरण वेगळं काढून वाचलं तरी चालतं. सुरिनाममध्ये रस्त्यात एक गुलाम पडलाय, डावा पाय नाही, उजवा हात नाही. तो शांतपणे नियम सांगतो: साखरेच्या घाण्यात बोट सापडलं तर हात तोडतात, पळायचा प्रयत्न केला तर पाय. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. युरोपात तुम्ही साखर खाता ती या किमतीला. उसाच्या चरकात बोट जाणं म्हणजे काय हे सोलापूर जिल्ह्यात कुणालाही चित्र काढून दाखवावं लागत नाही. इथेही आवाज चढत नाही, दरपत्रक वाचावं तसा तो बोलतो. अनुवाद निवडताना हा एकच संवाद तपासा: अनुवादकाने त्याला रडवलं असेल तर दुसरी प्रत बघा.

आणि ‘गुलामगिरी’. फुल्यांनी ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं; ती उपहासाचं पुस्तक म्हणून मात्र फार थोडे वाचतात. धोंडिबा भोळेपणाने प्रश्न विचारतो, जोतीराव अवतारकथांचे टाके उसवत जातात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या समग्र वाङ्मयात ती पूर्ण मिळते, बांधणी भक्कम आणि सरकारी किमतीत. सुटी प्रत घेणार असाल तर सुरुवातीची इंग्रजी प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका जागेवर आहेत ना, आणि परशुरामाची नोटीस पूर्ण छापली आहे ना, एवढं दुकानातच उघडून बघा.